फ्रानेकर : बंद झालेले विद्यापीठ, उरलेली विद्या

नेदरलँडच्या उत्तरेला समुद्रकाठी फ्रीसलंड नावाचा प्रांत आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस स्पेनच्या राजाविरुद्ध बंड करून उठलेल्या सात डच प्रांतांपैकी हा एक. १५८० च्या सुमारास इथे नव्या प्रॉटेस्टंट पंथाचे राज्य आले. मठ बंद झाले, त्यांच्या जमिनी आणि इमारती प्रांताच्या सरकारने ताब्यात घेतल्या. जुने धर्मगुरू गेले, पण त्यांच्या जागी बसवायचे कोणाला? नव्या पंथात पाद्र्याला मूळ हिब्रू आणि ग्रीक बायबल वाचता यावे अशी अपेक्षा होती. न्यायालयांना रोमन कायदा जाणणारे वकील हवे होते, शहरांना वैद्य हवे होते. विद्यापीठ म्हणावे असे देशात एकच होते, १५७५ साली स्थापन झालेले लायडनचे. ते दूर, हॉलंड प्रांतात, मध्ये खाडी ओलांडून गेल्यावर. आपली भाषा आणि आपले कायदे यांचा अभिमान बाळगणाऱ्या फ्रीसलंडला पोरे शिकवण्यासाठी हॉलंडच्या दारी जाणे मानवणारे नव्हते.

म्हणून २९ जुलै १५८५ रोजी फ्रानेकर या छोट्या शहरात विद्यापीठ उघडले. क्रूसपंथी साधूंचा रिकामा झालेला मठ त्याला मिळाला, आणि मठांच्या जमिनींचे उत्पन्न प्राध्यापकांच्या पगारासाठी लावून दिले. राजधानी लेउवार्डनमध्ये प्रांताचा कारभार आणि न्यायालय होते. विद्या फ्रानेकरच्या वाट्याला आली. नेदरलँडमधले हे दुसरे विद्यापीठ पुढे २२६ वर्षे चालले. १८११ साली नेपोलियनच्या एका हुकुमाने ते बंद झाले आणि परत कधीच उघडले नाही.

बंद पडलेल्या संस्थांचा इतिहास बहुधा हळहळ व्यक्त करण्यासाठी लिहिला जातो. फ्रानेकरचा इतिहास त्यापेक्षा अधिक काही सांगतो. या विद्यापीठाच्या दारातून आत कोणाला घेतले गेले, बाहेर कोण राहिले आणि आतली विद्या बाहेर कुठवर पोचली, याचा तो हिशेब आहे. विद्यापीठाचे मोल कशावर ठरवावे, या प्रश्नाचे उत्तर त्या हिशेबात आहे.

मठातले विद्यापीठ

धर्मशास्त्र, कायदा, वैद्यक आणि तत्त्वज्ञान-कला अशा चार विद्याशाखा होत्या. शिकवणे लॅटिनमध्ये, परीक्षा लॅटिनमध्ये, पुस्तके लॅटिनमध्ये. त्यामुळे फ्रीसलंडमधल्या पाद्र्याचा मुलगा आणि पोलंड, जर्मनी, स्कॉटलंड किंवा हंगेरीहून आलेला मुलगा एकाच बाकावर बसू शकत होते. अँटवर्पहून आलेल्या एका मुद्रकाने पहिल्या एक-दोन वर्षांतच इथे छापखाना घातला. विद्यार्थ्याने काही विधाने मांडायची, ती छापून वाटायची, आणि प्राध्यापकाच्या अध्यक्षतेखाली भर सभेत येणाऱ्या आक्षेपांना उत्तरे देत त्यांचा बचाव करायचा, ही तेव्हाच्या शिक्षणाची मुख्य रीत होती. विधाने बहुतेक वेळा प्राध्यापकाची असत. कस लागे तो विद्यार्थ्याच्या हजरजबाबीपणाचा.

गरीब विद्यार्थ्यांसाठी प्रांताच्या खर्चाने भोजनगृह होते. विद्यापीठाच्या सभासदांना बिअर आणि वाइनवरचा कर माफ होता. त्यांच्यावर शहराच्या न्यायाधीशांची सत्ता चालत नसे. कुलगुरू आणि प्राध्यापकांची सभा हेच त्यांचे न्यायालय. स्वस्त बिअर, कमरेला तलवार आणि पोलिसांचे भय नाही, एवढे सगळे एकत्र आल्यावर व्हायचे तेच झाले. दारूबाजी आणि रात्रीच्या मारामाऱ्यांसाठी फ्रानेकरचे विद्यार्थी बदनाम होते. हिब्रूचा तरुण प्राध्यापक सिक्स्टिनस आमामा याने १६२० च्या दशकात या व्यसनाविरुद्ध जाहीर भाषणे दिली. पाद्री होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला बायबलच्या मूळ भाषा आल्याच पाहिजेत, असा आग्रहही त्यानेच धरला आणि तो धर्मसभांपर्यंत नेला. त्याचा गुरू योहानेस ड्रुसियस हा त्या काळचा युरोपातला मोठा हिब्रू पंडित. जुन्या करारावर टिपा लिहिण्याचे काम देशाच्या मध्यवर्ती सभेने त्याच्यावर सोपवले होते. फ्रानेकरमध्येच तो १६१६ साली वारला.

धर्मशास्त्राची गादी सिब्रांडस लुबर्टसकडे होती. तो कडवा कॅल्विनपंथी, वादात कोणाला न सोडणारा. पोलंडहून आलेला त्याचा सहकारी माकोव्हियस हा धर्मशास्त्रात तर्कशास्त्राची परिभाषा फार वापरतो, अशी लुबर्टसची तक्रार होती. प्रकरण एवढे चिघळले की १६१८-१९ च्या डॉर्डरेख्टच्या राष्ट्रीय धर्मसभेपुढे गेले. सभेने माकोव्हियसला पाखंडाच्या आरोपातून मुक्त केले, आणि बोलताना जपून बोल अशी समजही दिली. या सभेचा अध्यक्ष योहानेस बोगरमान फ्रानेकरचाच जुना विद्यार्थी होता. तीसेक वर्षांत एका लहान प्रांताच्या विद्यापीठाने देशाच्या धर्मकारणात एवढे स्थान मिळवले होते.

गणिताचा प्राध्यापक आणि त्याचा न शिकलेला भाऊ

१५९८ साली आद्रियान मेटियस इथे गणित शिकवू लागला. तो डेन्मार्कला जाऊन टायको ब्राहेच्या वेधशाळेत शिकून आलेला होता. पुढची ३७ वर्षे, मरेपर्यंत, तो फ्रानेकरमध्येच राहिला. समुद्राशी रोज झगडणाऱ्या या प्रदेशाला बांध घालणारे, जमीन मोजणारे आणि जहाजे हाकणारे लोक हवे होते, आणि त्यातल्या बहुतेकांना लॅटिन येत नव्हते. मेटियसने ग्रह-ताऱ्यांवर, भूगोलावर आणि मोजणीवर लॅटिनबरोबरच डच भाषेतही पुस्तके लिहिली. विद्यापीठाची विद्या भिंतीबाहेर नेणारा हा पहिला ठळक माणूस.

शाळेत π साठी आपण २२/७ वापरतो. त्याहून कितीतरी अचूक असा ३५५/११३ हा अपूर्णांक युरोपभर मेटियसच्या नावाने ओळखला गेला. तो शोधला मात्र त्याच्या वडिलांनी. आद्रियान आंथोनिस्झ हे तटबंदी बांधणारे अभियंते. वर्तुळाइतक्याच क्षेत्रफळाचा चौरस काढून दाखवल्याचा दावा कोणीतरी केला होता. त्याला उत्तर देताना त्यांनी दाखवले की π ची किंमत ३३३/१०६ पेक्षा मोठी आणि ३७७/१२० पेक्षा लहान आहे. मग दोन्ही अंशांची सरासरी घेतली, ३५५. दोन्ही छेदांची घेतली, ११३. ही रीत गणिताच्या शिस्तीत बसणारी नव्हती, पण उत्तर दशांशचिन्हापुढे सहा स्थळांपर्यंत बरोबर निघाले. मुलाने ते आपल्या ग्रंथात छापले आणि वडिलांचे श्रेय वडिलांना दिले.

मेटियसचा भाऊ याकोब कधी विद्यापीठात गेला नाही. तो भिंगे घासत असे. ऑक्टोबर १६०८ मध्ये त्याने दूरच्या वस्तू जवळ दाखवणाऱ्या उपकरणाच्या एकस्वासाठी अर्ज केला. मिडलबर्गचा चष्मेवाला हान्स लिपरहे याचा तसाच अर्ज त्याच महिन्याच्या सुरुवातीला पोचला होता, आणि तेच उपकरण आणखी कोणाकोणाला ठाऊक असल्याचे दिसल्यावर एकस्व कोणालाच मिळाले नाही. पण त्या अर्जामुळे दुर्बिणीच्या जन्मकथेत याकोबचे नाव कायमचे राहिले.

ते नाव टिकवण्यात फ्रानेकरच्या एका विद्यार्थ्याचा मोठा वाटा आहे.

तेहतीस वर्षांचा नवा विद्यार्थी

एप्रिल १६२९ मध्ये फ्रानेकरच्या पटावर एका फ्रेंच माणसाने नाव घातले : रने देकार्त, फ्रेंच, तत्त्वज्ञ. वय ३३. त्याचे एकही महत्त्वाचे पुस्तक तोवर प्रसिद्ध झाले नव्हते. पॅरिसच्या ओळखीपाळखी आणि गप्पांचे अड्डे सोडून, निवांत विचार करायला जागा हवी म्हणून तो नेदरलँडला आला होता. शहरापासून खंदकाने वेगळ्या झालेल्या स्यार्देमा नावाच्या गढीत तो राहिला. घरमालक कॅथलिक होता. प्रॉटेस्टंट प्रांतात कॅथलिकांना उघड प्रार्थना करता येत नसे. त्या गढीत ती निर्धास्त होत असे, असे देकार्तने पत्रात लिहिले आहे.

इथे असताना तो ईश्वर आणि आत्मा यांविषयीचा एक छोटा ग्रंथ लिहीत होता. तो ग्रंथ आज उपलब्ध नाही, पण पुढे जगभर गाजलेल्या त्याच्या चिंतनाची सुरुवात याच महिन्यांतली. दुसरे वेड भिंगांचे. प्रकाशाचे किरण एका बिंदूत नेमके गोळा करणारे भिंग कसे घासावे, याचे गणित त्याने मांडले होते, पण ते घासणारा हात त्याच्यापाशी नव्हता. जून १६२९ मध्ये त्याने पॅरिसच्या फेरिये नावाच्या कारागिराला पत्र लिहून बोलावले : इकडे या, माझ्याबरोबर राहा, आपण भावासारखे राहू, खर्च माझा. फेरिये आला नाही. शरद ऋतूत देकार्त आम्स्टरडॅमला निघून गेला. फ्रानेकरमध्ये तो राहिला जेमतेम सहा महिने.

आठ वर्षांनी, १६३७ मध्ये, प्रकाशावरचा त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्याच पानांत तो सांगतो की दुर्बीण शोधली ती आल्कमारच्या याकोब मेटियसने. वडील आणि भाऊ गणिताचे जाणकार, पण हा स्वतः कधी न शिकलेला, भिंगांशी खेळता खेळता त्याला हे गवसले. आज इतिहासकार लिपरहेला अधिक श्रेय देतात. तरी देकार्तसारख्या माणसाने विद्वानांच्या ग्रंथाच्या आरंभी एका अशिक्षित कारागिराचे नाव घातले, ही गोष्ट लहान नाही.

एम्स, आणि दाराबाहेरची मुलगी

१६२२ ते १६३३ या काळात इंग्रज पंडित विल्यम एम्स फ्रानेकरला धर्मशास्त्र शिकवत होता. प्युरिटन मतांमुळे त्याला इंग्लंड सोडावे लागले होते. धर्मशास्त्राचे सार सांगणारा त्याचा ग्रंथ इथल्याच अध्यापनाच्या काळातला. अमेरिकेत नव्याने वसलेल्या इंग्रजांच्या हार्वर्ड आणि येल या संस्थांत तो ग्रंथ दीर्घकाळ पाठ्यपुस्तक म्हणून वापरला गेला. एम्सला स्वतःला अमेरिकेला जायचे होते. त्याआधी तो रॉटरडॅमला गेला आणि १६३३ मध्ये तिथेच वारला. त्याची विधवा आणि मुले १६३७ साली समुद्र ओलांडून अमेरिकेत पोचली. एम्सच्याच काळात फ्रानेकरला शिकलेला आणखी एक जण पुढे अमेरिकेत गेला. तो पीटर स्टायव्हेसंट, आज ज्याला न्यूयॉर्क म्हणतात त्या डच वसाहतीचा शेवटचा गव्हर्नर.

एम्सची कीर्ती ऐकून १६२३ मध्ये फान स्खुर्मान नावाचे एक कुटुंब मुलांच्या शिक्षणासाठी फ्रानेकरला राहायला आले. काही महिन्यांतच वडील वारले आणि पुढे कुटुंब परत गेले. त्या घरात पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी होती, आना मारिया. लॅटिन ती लहानपणीच भावांच्या शिकवणीत ऐकत ऐकत शिकली होती. पटावर नाव घालण्याचा हक्क भावाला होता, तिला नव्हता. पुढे १६३६ मध्ये उट्रेख्टचे विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा तिला व्याख्याने ऐकू दिली गेली ती आडोशाआड बसवून. हिब्रू, अरबी, सिरियाक, इथिओपियन या भाषा शिकलेली ही बाई तिच्या काळात युरोपातली सर्वांत विद्वान स्त्री म्हणून ओळखली गेली. स्त्रीने उच्च शिक्षण घ्यावे की नाही, या प्रश्नावर तिने लॅटिनमध्ये वाद घातला आणि घ्यावे असे तर्काने सिद्ध केले. फ्रानेकरच्या पटावर हजारो नावे आहेत. तिचे नाव त्यात असायला हवे होते.

हंगेरीची मुले

फ्रानेकरचा सर्वांत दूरचा आणि सर्वांत निष्ठावान विद्यार्थीवर्ग हंगेरी आणि ट्रान्सिल्व्हेनियातून येत असे. कॅथलिक हाब्सबर्ग सम्राट आणि तुर्की सुलतान यांच्या कात्रीत सापडलेल्या तिथल्या कॅल्विनपंथी समाजाला स्वतःचे विद्यापीठ नव्हते. तीस वर्षांच्या युद्धात हायडेलबर्गचा आधार तुटल्यावर ही मुले नेदरलँडकडे वळली. सतराव्या-अठराव्या शतकांत मिळून हजाराहून अधिक हंगेरियन विद्यार्थी एकट्या फ्रानेकरला शिकून गेले.

त्यांतला एक यानोश आपात्साई चेरे. १६४८ मध्ये तो फ्रानेकरला आला. नंतर लायडन, उट्रेख्ट असे करत हार्डरवाइक या दुसऱ्या नव्या विद्यापीठात त्याने १६५१ साली डॉक्टरेट मिळवली. परदेशी विद्यापीठांत हिंडताना त्याला एक गोष्ट टोचत राहिली : आपल्या लोकांना आपल्या भाषेत वाचायला शास्त्राचे पुस्तकच नाही. त्याने देकार्तचे तत्त्वज्ञान, गणित, खगोल, वैद्यक, शेती हे सगळे हंगेरियन भाषेत मांडले. हंगेरियन भाषेतला हा पहिला ज्ञानकोश. शास्त्रीय परिभाषा नव्हतीच, ती त्याला घडवावी लागली. मायदेशी परतल्यावर त्याने शाळासुधारणेचा आग्रह धरला, त्यापायी विरोध सोसला आणि १६५९ साली चौतिसाव्या वर्षी तो वारला.

उलरिक हुबर

कायद्याच्या इतिहासात फ्रानेकरचे नाव राहिले ते उलरिक हुबरमुळे. जन्म फ्रीसलंडमधला, शिक्षणही काही काळ इथलेच, आणि १६५७ मध्ये एकविसाव्या वर्षी तो इथेच प्राध्यापक झाला. मध्ये तीनेक वर्षे प्रांताच्या न्यायालयात न्यायाधीश होता, मग परत आला. लायडनचे बोलावणे त्याने नाकारले.

सात डच प्रांतांचे सात कायदे होते. हॉलंडमध्ये लागलेले लग्न फ्रीसलंडमध्ये कायदेशीर मानायचे का? एका प्रांतात केलेले मृत्युपत्र दुसऱ्या प्रांतातल्या मालमत्तेला लागू करायचे का? व्यापारी आणि नातेवाईक सतत सरहद्दी ओलांडत होते, त्यामुळे हे प्रश्न न्यायालयात रोज उभे राहत. हुबरने १६८९ मध्ये एका मोठ्या ग्रंथातल्या अवघ्या काही पानांत तीन सूत्रे मांडली. प्रत्येक राज्याचा कायदा त्याच्या सरहद्दीपुरता चालतो. त्या सरहद्दीत असलेल्या प्रत्येकाला, मग तो कायमचा राहणारा असो वा दोन दिवसांचा पाहुणा, तो कायदा बांधतो. आणि एका राज्यात रीतसर मिळालेला हक्क दुसऱ्या राज्याने, स्वतःचे किंवा आपल्या प्रजेचे नुकसान होत नसेल तोवर, सौजन्याने मान्य करावा. इंग्लंडमध्ये लॉर्ड मॅन्सफिल्डने १७६० मध्ये हुबरचा आधार घेतला. अमेरिकेत जोसेफ स्टोरीने १८३४ चा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिताना हुबरचाच पाया धरला. दोन देशांतल्या माणसांचे विवाह, वारसा आणि करार यांविषयीचा आजचा कायदा ज्या विचारांवर उभा राहिला, त्यांतली ही महत्त्वाची पाने फ्रानेकरच्या व्याख्यानांतून आली आहेत.

मोठ्या विद्यापीठांची पायरी

हुबर थांबला, बाकीचे थांबले नाहीत. १६१४ मध्ये शेजारीच ग्रोनिंगनचे विद्यापीठ निघाले, १६३६ मध्ये उट्रेख्टचे. विद्यार्थी वाटले गेले. प्राध्यापकांना लायडन अधिक पगार देई, अधिक मोठे ग्रंथालय देई, अधिक नाव देई. धर्मशास्त्री कोक्सेयुस १६५० मध्ये गेला. इतिहासकार पेरिझोनियस १६९३ मध्ये गेला. अरबीच्या आधाराने हिब्रूचा अर्थ लावणारा आल्बर्ट स्खुल्टेन्स १७२९ मध्ये, ग्रीकचे दोन थोर पंडित हेमस्टरहाउस आणि फाल्केनार १७४० आणि १७६६ मध्ये. हे सारे लायडनला गेले. शरीरशास्त्रज्ञ पेट्रस काम्पर १७५५ मध्ये आम्स्टरडॅमला गेला.

याचा दोष प्राध्यापकांवर टाकता येत नाही. लहान प्रांताची तिजोरी लहान होती. त्यातून फ्रानेकरला एक गोष्ट चांगली साधली : तरुण माणसातला गुण ओळखून त्याला पहिली संधी देणे. वरच्या यादीतले बहुतेक जण आपली उमेदीची वर्षे इथे घालवून गेले. पण अशा संस्थेच्या पाठीशी, वेळ आली तर, उभे राहणारे वजनदार लोक उरत नाहीत. ते सगळे दुसरीकडे गेलेले असतात.

शेवटचा मोठा प्राध्यापक यान हेंड्रिक फान स्विंडन. तो विशीतच, १७६७ च्या सुमारास, फ्रानेकरला आला आणि १७८५ पर्यंत राहिला. चुंबकसूचीच्या हालचाली तो वर्षानुवर्षे दिवसरात्र तासातासाला टिपून ठेवी. हवामानाच्या त्याच्या नोंदीही तशाच चिकाटीच्या. पुढे १७९८-९९ मध्ये पॅरिसला मीटरची लांबी ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळींत तो प्रमुख होता. १७८० मध्ये याच फान स्विंडनने गावातल्या एका लोकर विंचरणाऱ्याच्या कामावर पुस्तक लिहिले.

बैठकीच्या खोलीतली सूर्यमाला

आयसे आयसिंगा याचा जन्म १७४४ मध्ये फ्रानेकरजवळच्या ड्रोनराइप गावी झाला. बाप लोकर विंचरण्याचा धंदा करी. मुलानेही तोच धंदा करायचा हे ठरलेले असल्याने पुढच्या शाळेचा प्रश्नच आला नाही. पण गणिताची गोडी अशी की तो फ्रानेकरला चालत जाऊन एका जाणत्या कारागिराकडून युक्लिडची भूमिती शिकला, आणि विशीच्या आतच त्याने गणितावर शेकडो पानांचे हस्तलिखित तयार केले. लग्न झाल्यावर फ्रानेकरमध्ये कालव्याकाठी घर घेतले आणि लोकरीचा धंदा मांडला. विद्यापीठ हाकेच्या अंतरावर होते. त्याच्या पटावर आयसिंगाचे नाव नाही.

८ मे १७७४ रोजी पहाटे चंद्र, बुध, शुक्र, मंगळ आणि गुरू आकाशात एकाच राशीत जवळजवळ येणार होते. एल्को आल्टा नावाच्या एका पाद्र्याने पुस्तिका काढून भाकीत केले की हे ग्रह एकमेकांवर आदळतील आणि पृथ्वी आपल्या कक्षेतून फेकली जाईल. लोक घाबरले. ८ मे उजाडला आणि मावळला, काही झाले नाही. आयसिंगाने त्याच वर्षी ठरवले की ग्रह कसे फिरतात हे लोकांना डोळ्यांनी पाहता यावे असे काही करायचे. सात वर्षांत, १७८१ पर्यंत, धंदा सांभाळून त्याने आपल्या बैठकीच्या खोलीच्या छतात सूर्यमाला बसवली.

छत निळे रंगवलेले आहे. मध्ये सूर्य. भोवती सहा कक्षांच्या खाचा, आणि त्या खाचांतून खाली लोंबणारे छोटे सोनेरी गोल : बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी. दहा लाख किलोमीटरला एक मिलिमीटर हे प्रमाण. ग्रह खऱ्या ग्रहांच्याच वेगाने फिरतात. बुधाला एक फेरी पूर्ण करायला ८८ दिवस लागतात, शनीला एकोणतीस वर्षांहून अधिक. यंत्र माळ्यावर आहे. ओकच्या लाकडाची कडी आणि चक्रे, आणि त्यांना दात म्हणून हाताने घडवून ठोकलेले हजारो लोखंडी खिळे. हे सगळे एका लंबकाच्या घड्याळावर चालते. लंबक भिंतीत कपाटासारख्या बांधलेल्या पलंगाच्या वरच्या बाजूला हलतो. तो आधी अधिक लांब ठरला होता आणि खाली पलंगाच्या जागेत आला असता; बायकोने हरकत घेतली, म्हणून आयसिंगाने तो आखूड केला आणि त्यासाठी दातांची आकडेमोड नव्याने केली, असे सांगतात. वर्षाचा आकडा दाखवणारी फळी दर बावीस वर्षांनी रंगवावी लागते. काम पुरे होत आले तेव्हाच, मार्च १७८१ मध्ये, हर्शेलने इंग्लंडमध्ये युरेनस शोधला. या प्रमाणात त्याची कक्षा खोलीच्या भिंतींपलीकडे गेली असती.

फान स्विंडनने ते येऊन पाहिले आणि छापून जगाला सांगितले. विद्यापीठाच्या प्राध्यापकाने गावातल्या कारागिराचे काम तपासून, खरे आहे असे आपल्या नावानिशी म्हणणे, हा फ्रानेकरच्या इतिहासातला माझ्या मते सर्वांत सुंदर प्रसंग आहे. दीडशे वर्षांपूर्वी मेटियसने डचमध्ये पुस्तके लिहिली तेव्हा ज्या वाचकाची त्याला आशा होती, तो वाचक आता घडला होता.

बंड आणि हुकूम

१७८० च्या दशकात देश दोन तट पडून पेटला. एका बाजूला ऑरेंज घराण्याचे समर्थक, दुसऱ्या बाजूला लोकांना कारभारात वाटा हवा म्हणणारे देशभक्त. फ्रानेकर देशभक्तांचा बालेकिल्ला झाले. १७८७ मध्ये प्रांताच्या विधिसभेतला त्यांचा गट इथे येऊन वेगळी सभा भरवू लागला. कायद्याचा प्राध्यापक योहान फाल्केनार त्यांच्या पुढाऱ्यांत होता. सप्टेंबरमध्ये प्रशियाचे सैन्य नेदरलँडमध्ये घुसले आणि सगळे विस्कटले. फाल्केनार आणि इतर काही प्राध्यापक पळाले. नगरसभेत असलेला आयसिंगाही पळाला. परागंदा असताना त्याची बायको वारली. पुढे तो पकडला गेला, तुरुंगात गेला, प्रांतातून हद्दपार झाला. छतातले ग्रह जागच्या जागी थांबले. १७९५ मध्ये राज्य बदलले तेव्हा तो परतला आणि यंत्र पुन्हा सुरू केले. नव्या राजवटीत त्याला विद्यापीठाच्या विश्वस्तांत घेतले गेले. ज्या पटावर त्याचे नाव कधी आले नाही, त्या विद्यापीठाचा कारभार त्याच्या हाती आला.

तो कारभार फार दिवस उरला नव्हता. विद्यार्थी मोजकेच राहिले होते. १८१० मध्ये नेपोलियनने नेदरलँड फ्रान्सला जोडून टाकले. प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिए शिक्षणसंस्थांची पाहणी करून गेला. पॅरिसहून पाहणाऱ्याला एवढ्याशा देशात पाच विद्यापीठे म्हणजे उधळपट्टी वाटली. २२ ऑक्टोबर १८११ च्या हुकुमाने लायडन आणि ग्रोनिंगन ठेवले, उट्रेख्टचा दर्जा उतरवला, फ्रानेकर आणि हार्डरवाइक बंद केले.

नेपोलियन गेला, हुकूम राहिला. १८१५ मध्ये राजा पहिला विल्लेम याने उट्रेख्टला विद्यापीठपद परत दिले. फ्रानेकरला मिळाले ते पदव्या देण्याचा अधिकार नसलेले महाविद्यालय. तेही १८४३ मध्ये बंद झाले. ग्रंथसंग्रह लेउवार्डनला गेला आणि आजही तिथेच जपलेला आहे. विद्यापीठाच्या वास्तूत १८५१ पासून मनोरुग्णालय सुरू झाले. प्राध्यापकांची तैलचित्रे आता शहराच्या संग्रहालयात आहेत.

त्याच राजाने १८१८ मध्ये आयसिंगाच्या घरी येऊन छत पाहिले, आणि १८२५ मध्ये सरकारने ते घर दहा हजार गिल्डरला विकत घेतले. आयसिंगाला तिथेच राहू दिले आणि यंत्र सांभाळण्यासाठी वार्षिक वेतन दिले. १८२८ मध्ये तो वारला. जगातले सर्वांत जुने चालू तारांगण म्हणून २०२३ मध्ये युनेस्कोने ते घर जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

विद्यापीठ म्हणून सरकारला हुकुमाने बंद करता येते ते म्हणजे पट, पगार आणि पदव्या. १८११ मध्ये तेवढेच बंद झाले. हुबरची पाने तोवर लंडनच्या न्यायालयात पोचली होती, एम्सचा ग्रंथ अमेरिकेत, आपात्साईने घडवलेले शब्द हंगेरीत, आणि मेटियसची परंपरा एका लोकर विंचरणाऱ्याच्या छतात. कोणत्याही विद्यापीठाचे मोल करायचे तर त्याने किती पदव्या दिल्या हे शेवटी मोजावे. पदवी न घेता त्याच्या जवळपास राहणारी माणसे किती शहाणी झाली, हे आधी पाहावे. या कसोटीला फ्रानेकर पूर्ण उतरले.